सी. व्ही. रमण: नागपूरच्या सरकारी नोकरीपासून स्फटिकांच्या कंपनांपर्यंत

आम्हा नागपूरकरांना रमण म्हटलं की गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र आठवतं. पण ते स्वतः नागपुरात नोकरीला होते, हे माझ्या ओळखीत फार थोड्यांना माहीत आहे.

चंद्रशेखर वेंकट रमण यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीत झाला. १९०७ मध्ये ते कलकत्त्यात सरकारच्या अर्थखात्यात लागले. ऑफिसच्या आधी आणि नंतर प्रयोग, असा त्यांचा दिनक्रम होता. १९०९ मध्ये रंगूनला बदली झाली, १९१० मध्ये नागपूरला. इथे वर्षही झालं नाही तोच बढती मिळून १९११ मध्ये ते परत कलकत्त्याला गेले. १९१७ मध्ये मात्र त्यांनी ही भक्कम नोकरी सोडली आणि कमी पगारावर प्राध्यापक झाले. घरच्यांना सांगून बघा असं काही, मग कळेल निर्णय किती अवघड होता!

२८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांना आणि के. एस. कृष्णन यांना रमण इफेक्ट सापडला. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर जवळजवळ सगळा विखुरलेला प्रकाश त्याच रंगाचा असतो. पण अगदी थोडा रंग बदलून येतो. तो फरक म्हणजे आतल्या कंपनांचा हिशेब. १९३० मध्ये याच शोधासाठी नोबेल मिळालं.

स्फटिकात ही कंपनं एकट्या अणूची नसतात. जामठा स्टेडियममध्ये प्रेक्षक जागेवरच उठतात-बसतात, पण लाट मैदानभर फिरते ना? तसंच. अणूंच्या अशा सामूहिक लाटेला फोनॉन म्हणतात.

१९४० मध्ये रमण आणि नेडुंगडी यांनी क्वार्ट्झ तापवून पाहिला. ५७३ अंश सेल्सिअसला त्याची रचना बदलते, सममितीही बदलते. त्या तापमानाकडे जाताना एक कंपन मंद होत गेलेलं त्यांना दिसलं. म्हणजे बदलाची चाहूल आधीच लागते!

आता आजचं उदाहरण. मॉलिब्डेनम डायटेल्युराइड या स्फटिकात, साध्या तापमानाला, प्रत्येक अणूला मध्यबिंदूच्या पलीकडे तसाच जोडीदार असतो. सुमारे उणे २३ अंशांखाली त्याचे थर किंचित सरकतात आणि ही सममिती मोडते. मग तो टोपोलॉजिकल सेमीमेटल बनतो, म्हणजे त्यातले काही इलेक्ट्रॉन वजनच नसल्यासारखे वागतात. सममिती मोडली हे ओळखायचं कसं? रमण वर्णपटात आधी दिसू न शकणारी एक नवी रेघ उमटते. २०१६ मध्ये संशोधकांनी हेच दाखवलं.

२१ नोव्हेंबर १९७० ला बेंगळुरूत रमण गेले, तेव्हा अशा पदार्थांचं हे टोपोलॉजिकल रूप कुणाला ठाऊकही नव्हतं. माझ्या मते त्यांच्या १९१७ च्या निर्णयाची खरी कमाई हीच आहे: त्यांची पद्धत पुढच्या पिढ्यांच्या प्रश्नांनाही उत्तरं देते. चिपमधल्या सिलिकॉनवर किती ताण आहे, हेसुद्धा तिनेच मोजता येतं.