ब्राउन विलिस

वॉलपोल आणि पिट हीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांस इतिहासाच्या पुस्तकावरून ठाऊक असतील. त्याच काळीं बकिंगहॅमशायर परगण्यांत राहणाऱ्या एका विलक्षण जमीनदाराचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ब्राउन विलिस यांचा जन्म १४ सप्टेंबर १६८२ रोजीं डॉर्सेट परगण्यांत झाला. त्यांचे आजोबा टॉमस विलिस हे नामांकित वैद्य होते. मेंदूच्या तळाशीं रक्तवाहिन्यांचें जें वर्तुळ असतें, त्यास अद्यापि त्यांचेंच नांव आहे. विलिस यांस लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेंत घालण्यांत आलें. शाळेला लागूनच वेस्टमिन्स्टर ॲबी हें प्राचीन मठमंदिर आहे व तेथें इंग्लंडच्या अनेक राजांच्या समाधी आहेत. त्या मंदिरांत हिंडण्याचा जो छंद या मुलास लागला, तो जन्मभर सुटला नाहीं.

पुढें ऑक्सफर्ड येथें त्यांचें शिक्षण झालें. तरुणपणींच आईबापांचें छत्र हरपलें व मोठी मालमत्ता हातीं आली. तींतून त्यांनीं पहिलें मोठें काम केलें तें आईबापांच्या स्मरणार्थ ब्लेचली येथील जुन्या प्रार्थनामंदिराच्या जीर्णोद्धाराचें. १७०५ सालीं ते बकिंगहॅम गांवातर्फे पार्लमेंटांत निवडून आले व १७०८ पर्यंत सभासद होते. राजकारणांत त्यांचा फारसा नांवलौकिक झाला नाहीं. समित्यांचें काम मात्र ते नेमानें करीत.

त्यांचें मन दुसरीकडेच होतें. आठव्या हेन्रीनें १५३६ ते १५४० या अवघ्या चार वर्षांत देशांतील मठ मोडून त्यांची मालमत्ता घेतली, तेव्हांपासून कित्येक मठमंदिरांचे दगड लोकांच्या घरांच्या भिंतींत गेले होते. जें उरलें तेंही जाईल, निदान त्याची नोंद तरी असावी, या तळमळीनें विलिस प्रवासास निघाले. कार्लाइल सोडून इंग्लंड व वेल्समधील प्रत्येक कॅथीड्रल त्यांनीं स्वतः पाहिलें. आणि शक्य तर ज्या संताच्या नांवें तें मंदिर असेल, त्याच्याच सणाच्या दिवशीं ते तेथें पोंचत. वेल्समधील चार कॅथीड्रलांवर त्यांनीं १७१७ ते १७२१ या काळांत पुस्तकें लिहिलीं. त्यांपैकीं लँडाफचें मंदिर तेव्हांच मोडकळीस आलेलें होतें व त्यांच्या पुस्तकानंतर थोड्याच वर्षांत त्याच्या छपराचा भाग कोसळला. पार्लमेंटच्या सभासदांच्या याद्या, इंग्लंडच्या कॅथीड्रलांचें वर्णन, आणि १७५५ सालीं बकिंगहॅमचा इतिहास, असे त्यांचे इतर ग्रंथ आहेत. त्यांची भाषा रुक्ष आहे, हें कबूल केलें पाहिजे; परंतु पुढील इतिहासकारांस ते उपयोगी पडले.

या खटाटोपांत पैसा पाण्यासारखा गेला. १७२४ सालीं पत्नी वारली. मुलें पुष्कळ होतीं आणि मालमत्ता दिवसेंदिवस घटत होती. मंदिरांस जपणाऱ्या या गृहस्थानें मुलाबाळांच्या वांट्याचें धन असें खर्चावें, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. स्वतःच्या सुखासाठीं मात्र त्यांनीं कांहींच राखलें नाहीं. पार्लमेंटांत निवडून आले तेव्हां शिवलेला निळा झगा ते म्हातारपणींही वापरीत. आंत जुनाट कोट एकावर एक चढवून वरून चामड्याचा पट्टा बांधीत. अनोळखी लोक त्यांस भिकारी समजत. त्यांची काळी घोडागाडी पाहून तर लोकांस शवपेटीची आठवण होई!

आजोबा ११ नोव्हेंबर १६७५ रोजीं, म्हणजे संत मार्टिनच्या सणाच्या दिवशीं, लंडनच्या सेंट मार्टिन गल्लींत वारले होते. म्हणून त्याच सणाच्या दिवशीं, १७२४ सालीं, विलिस यांनीं ब्लेचलीजवळच्या फेनी स्ट्रॅटफर्ड येथें संत मार्टिनच्या नांवें नव्या प्रार्थनामंदिराची कोनशिला बसविली. वर्गणीसाठीं त्यांनीं मित्रांस व ओळखीच्यांस भंडावून सोडलें आणि देणाऱ्यांचीं कुलचिन्हें मंदिराच्या छतावर रंगविलीं. १७३० सालीं मंदिर पूर्ण झालें.

जमविलेलीं नाणीं त्यांनीं ऑक्सफर्ड विद्यापीठास दिलीं. शंभराहून अधिक हस्तलिखित वह्याही तेथील बॉडलियन ग्रंथालयांत आहेत. ५ फेब्रुवारी १७६० रोजीं व्हॅडन हॉल या आपल्या घरीं ते वारले. फेनी स्ट्रॅटफर्डच्या त्या मंदिरांतच त्यांस पुरलें आहे. संत मार्टिनच्या सणाला दरवर्षीं प्रवचन व भोजन व्हावें अशी तजवीज त्यांनीं करून ठेविली होती. त्या दिवशीं सहा चिमुकल्या तोफा उडविण्याचा प्रघातही त्यांच्याच वेळचा मानतात. आकारानें त्या पाणी पिण्याच्या मोठ्या पेल्याएवढ्याच आहेत. १८५९ सालीं त्या नव्यानें ओतविल्या, आणि ११ नोव्हेंबरला त्यांचा आवाज त्या गांवांत अजूनही होतो.