चुन्याने हिरावलेली दृष्टी परत देणारा नेत्रतज्ज्ञ

नायगाव (प्रतिनिधी) : दसरा-दिवाळी जवळ आली की नायगाव तालुक्यातील खेड्यापाड्यांत आजही घराच्या भिंतींना चुना लागतो. तंबाखूसोबतची चुन्याची डबी तर बाराही महिने हाताशी असते. चुन्याचा हात डोळ्याला लावू नकोस, ही वडीलधाऱ्यांची ताकीद उगाच नसते. चुना डोळ्यात गेला तर बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजेच कॉर्निया, भाजून पांढरा पडतो आणि धडधाकट माणूस कायमचा आंधळा होऊ शकतो. जगातील पहिल्या यशस्वी नेत्ररोपणाची कथाही अशाच चुन्यापासून सुरू होते. तिचे नायक होते डॉ. एडुआर्ड कोनराड झिर्म.

झिर्म यांचा जन्म १८६३ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. त्याच शहरात त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले व नामवंत नेत्रतज्ज्ञ एर्न्स्ट फुक्स यांच्या हाताखाली शस्त्रक्रियेचे धडे गिरवले. राजधानीत राहून नाव कमावण्याची संधी असताना १८९२ मध्ये त्यांनी मोराविया प्रांतातील ओलोमोउत्स या गावी नेत्रविभागाची सूत्रे स्वीकारली. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात असलेले हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. मोठ्या विद्यापीठाचे वलय नसलेल्या या रुग्णालयात शेतकरी, मजूर व कारागीर उपचारासाठी येत. झिर्म यांचे उर्वरित आयुष्य त्यांच्याच सेवेत गेले.

कॉर्निया बदलण्याची कल्पना त्या वेळी नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात अनेक शल्यविशारदांनी प्राण्यांचे कॉर्निया माणसाच्या डोळ्यावर बसवून पाहिले होते. मात्र काही दिवसांतच तो तुकडा धुरकट होई व रुग्णाच्या पदरी पुन्हा अंधारच येई. जर्मन नेत्रतज्ज्ञ आर्थर फॉन हिपेल यांनी कॉर्नियाची गोल चकती नेमकी कापणारे यंत्र तयार केल्याने मोठी अडचण दूर झाली. तरीही खात्रीचे यश हाती लागत नव्हते.

१९०५ मध्ये झिर्म यांच्यापुढे एक शेतमजूर होता. वय पंचेचाळिशीच्या घरात. चुन्याने त्याचे दोन्ही डोळे भाजले होते आणि हातावर पोट असलेला हा माणूस वर्षाहून अधिक काळ अंधारात चाचपडत होता. त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाला रुग्णालयात आणण्यात आले. लोखंडाचा कण घुसल्याने त्याचा एक डोळा इतका जखमी झाला होता, की तो काढून टाकण्यावाचून इलाज उरला नाही. डोळा निकामी झाला होता, पण त्याचा कॉर्निया स्वच्छ होता. ७ डिसेंबर १९०५ रोजी झिर्म यांनी त्या एका डोळ्यातून दोन चकत्या घेऊन मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर बसवल्या.

या शस्त्रक्रियेतील त्यांची दक्षता आजही थक्क करते. प्राण्याचा नव्हे, तर तरुण व निरोगी मानवी डोळ्याचाच कॉर्निया घ्यायचा, हे त्यांनी ठरवले होते. कापलेली चकती मिठाच्या निर्जंतुक पाण्याने भिजवलेल्या कापडात उबदार ठेवण्यात आली. चकतीला टाका न घालता डोळ्यावरील पातळ आवरणाचे पट्टे आडवे ओढून ती जागीच दाबून धरण्यात आली. एका डोळ्यातील चकती टिकली नाही, दुसऱ्या डोळ्यातील मात्र पारदर्शक राहिली. काही महिन्यांत तो मजूर पुन्हा कामावर जाऊ लागला. १९०६ मध्ये झिर्म यांनी या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्याने शरीर तो सहसा नाकारत नाही, हे यशामागील महत्त्वाचे कारण पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

या यशानंतर नेत्ररोपणाची लाट येईल, असे कोणालाही वाटले असते. तसे घडले नाही. हात तयार होते, यंत्र होते, पद्धतही सापडली होती. नव्हता तो कॉर्निया. एकाला दृष्टी मिळावी म्हणून दुसऱ्याच्या अपघाताची वाट कोण पाहणार? या प्रश्नाचे उत्तर १९३१ मध्ये ओडेसा येथील डॉ. व्लादिमीर फिलातोव्ह यांनी दिले. मृत व्यक्तीच्या डोळ्यातील कॉर्नियाही उपयोगी पडतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९४४ मध्ये झिर्म यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये नेत्रपेढीची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, मद्रासला डॉ. आर. ई. एस. मुथय्या यांच्या पुढाकाराने भारतातील पहिली नेत्रपेढी उभी राहिली. महाराष्ट्रात नेत्रतज्ज्ञ डॉ. भालचंद्र यांच्या स्मरणार्थ १० जून हा दृष्टिदान दिन म्हणून पाळला जातो.

झिर्म यांच्यापुढील अडचण मात्र शंभर वर्षांनंतरही पूर्णपणे सुटलेली नाही. सुगीच्या दिवसांत ज्वारीचे पाते वा उसाचे पाचट डोळ्याला लागते. साधी वाटणारी ती जखम चिघळते आणि बुबुळावर फूल पडते. अशा अंधत्वावर चष्मा वा औषध चालत नाही. दुसऱ्याचा कॉर्नियाच लागतो. तो मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावा लागतो. नायगावसारख्या भागात नातेवाइकांना निरोप धाडणे आणि पाहुण्यांची वाट पाहणे यांतच हे तास निघून जातात. संकल्पपत्र भरलेले असले तरी त्या क्षणी नेत्रपेढीला कळवण्याचे भान घरातल्याच कोणाला तरी ठेवावे लागते.

नेत्रदानाने चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीही खोळंबत नाही. वय झालेले, चष्मा असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मधुमेह झालेले लोकही नेत्रदान करू शकतात. पथक येईपर्यंत मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर थोडे उंच करावे आणि पंखा बंद ठेवावा, एवढेच घरच्यांचे काम.

ओलोमोउत्सच्या त्या मजुराला दृष्टी मिळाली ती एका बालकाच्या दुर्दैवी अपघातामुळे. आज त्यासाठी कोणाच्या अपघाताची गरज नाही. दुःखाच्या घडीला घरातल्या कोणीतरी वेळेवर केलेला एक दूरध्वनी पुरेसा आहे.