पीतज्वराचे शोधक डॉ. कार्लोस फिन्ले

मारुंजी गांवाच्या शेजारींच हिंजवडी आहे व तेथील संगणक-कंपन्यांच्या कामानिमित्त आमच्या भागांतील पुष्कळ मंडळींस परदेशीं जावें लागतें. त्यांपैकीं ज्यांस केनिया, नायजेरिया किंवा ब्राझील अशा देशांत जावयाचें असतें, त्यांनीं निदान दहा दिवस आधीं पीतज्वराची लस टोंचून घ्यावी लागते. तिच्या दाखल्याची एक पिंवळी पुस्तिका मिळते. परत येतांना ती जवळ नसल्यास सहा दिवसांपर्यंत वेगळें राहण्याची पाळी येते. एवढा कडक पहारा एका विषाणूवर आहे, आणि त्यास माणसाकडून माणसाकडे नेणारा डांस तर आपल्या अंगणांतील रांजणांतच वाढत असतो. हा डांस व तो रोग यांचें नातें ज्यांनीं प्रथम ओळखलें, त्या क्यूबा बेटांतील डॉक्टर कार्लोस फिन्ले यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

फिन्ले यांचा जन्म ता. ३ डिसेंबर १८३३ रोजीं क्यूबांतील पोर्तो प्रिन्सिपे या गांवीं झाला; आज त्या गांवास कामाग्वे म्हणतात. वडील स्कॉटलंडचे डॉक्टर होते व आई फ्रेंच वंशाची होती. मुलास शिक्षणासाठीं फ्रान्समध्यें धाडलें असतां त्यास अंगास आंचके देणारा एक आजार जडला. त्यांतून तो बरा झाला, तरी बोलतांना जीभ अडखळूं लागली. वडिलांनीं मोठ्या चिकाटीनें त्याजकडून उच्चारांचा सराव करविला. तथापि फिन्ले यांचें बोलणें जन्मभर संथच राहिलें. सन १८५५ मध्यें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील जेफरसन वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळवून पुढें त्यांनीं हवाना शहरीं आपला व्यवसाय सुरू केला. सन १८६७ मध्यें तेथें पटकीची सांथ आली, तेव्हां एका कालव्याच्या कांठच्या वस्तींतच रोगी अधिक आहेत हें त्यांनीं ध्यानांत घेतलें व पाण्यावर बोट ठेवून तसें लिहिलेंहि. पण त्या वेळच्या स्पॅनिश अंमलांत तें छापलें गेलें नाहीं. आपलें म्हणणें ऐकून न घेतलें जाण्याचा हा त्यांचा पहिला अनुभव होता.

हवाना हें मोठें बंदर, व पीतज्वर तेथें ठाण मांडून बसलेला. रोग्यास कडक ताप भरे, डोळे व कातडी पिंवळी पडे, काळी ओकारी होई आणि कित्येक जण थोड्याच दिवसांत दगावत. विशेष हें कीं, त्या शहरांत लहानाचे मोठे झालेल्यांस तो सहसा होत नसे. बहुतेकांस बाळपणींच तो सौम्यपणें होऊन गेलेला असे व मग त्यांस पुन्हां त्याचें भय नसे. नुकताच गलबतांतून उतरलेला खलाशी, शिपाई किंवा व्यापारी मात्र त्याच्या तावडींत हटकून सांपडे. गलबतांबरोबरच हा रोग दूरदूर जाई. सन १७९३ मध्यें फिलाडेल्फिया शहरांत त्यानें सुमारें पांच हजार माणसें मेलीं. सन १८७८ मध्यें तो मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांत आगबोटींसह वर चढत गेला व एकट्या मेंफिस शहरांत पांच हजारांवर बळी पडले. रोग्याच्या कपड्यांतून व अंथरुणांतून तो पसरतो अशी समजूत असल्यामुळें तीं जाळून टाकीत. पण उशाशीं बसून शुश्रूषा करणारी परिचारिका सुखरूप राही आणि रस्त्यापलीकडच्या घरांत नवा रोगी निघे. थंडी पडली कीं सांथ ओसरे. याचा उलगडा कोणास होईना.

फिन्ले यांनींहि प्रथम पुष्कळ वर्षें हवेंतील क्षारांवर संशय धरला होता. तो मार्ग चुकीचा आहे असें दिसतांच त्यांनीं तो सोडून दिला. सन १८७९ मध्यें अमेरिकेहून आलेल्या एका तपासमंडळाबरोबर काम करतांना या रोगांत रक्तवाहिन्यांचें आंतील अस्तर बिघडतें ही गोष्ट त्यांच्या मनांत ठसली. मग रक्तांतून विष उचलून दुसऱ्याच्या रक्तांत तें टोंचणारी सुई कोणती, असा प्रश्न त्यांनीं स्वतःस घातला. हवानाच्या घराघरांत, पायांवर पांढरे पट्टे असलेला एक डांस दिवसां चावत असे. आज त्यास एडीस ईजिप्ती असें नांव आहे. त्याची मादी एका मागून एक अशा अनेकांचें रक्त पिते, घरांतील साठविलेल्या पाण्याशीं अंडीं घालते व थंडींत मंदावते. रोगाची व डांसाची ही राहणी फिन्ले यांनीं शेजारीं शेजारीं मांडून पाहिली. ता. १४ ऑगस्ट १८८१ रोजीं हवानाच्या विज्ञानसभेपुढें त्यांनीं आपला निबंध वाचला. सभासदांनीं तो ऐकून घेतला आणि कांहींएक चर्चा न करतां सभा पुढील कामास लागली.

त्यानंतरचीं एकोणीस वर्षें हीच या चरित्रांतील खरी कसोटी होय. लोक त्यांस डांसवेडा डॉक्टर म्हणून हंसत. फिन्ले यांनीं आपले मित्र डॉ. क्लाउदिओ देल्गादो यांच्या साहाय्यानें शंभरांवर माणसांस रोग्याचें रक्त प्यालेले डांस चाववून पाहिले. कांहींस थोडा ताप आला. पुष्कळांस कांहींच झालें नाहीं. ज्या शहरांत रोग आधींच नांदत आहे तेथें आलेला ताप डांसामुळेंच आला हें सिद्ध तरी कसें करावें? आमच्या मतें विरोधकांस केवळ आडमुठे म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. फिन्ले यांचें अनुमान खरें होतें, परंतु पुरावा अपुरा होता.

सन १९०० मध्यें वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखालीं अमेरिकन लष्कराचें चौघां डॉक्टरांचें मंडळ हवानास आलें. फिन्ले यांनीं कसलाहि आडपडदा न ठेवतां आपल्या डांसांचीं अंडीं त्यांच्या हवालीं केलीं. मंडळांतील जेसी लझीर हे तरुण डॉक्टर या कामांतच पीतज्वरानें आजारी पडून ता. २५ सप्टेंबर रोजीं वारले. त्यांच्या नांवानें उभारलेल्या छावणींत, रोग्यांच्या मळक्या अंथरुणांत वीस रात्री निजलेले स्वयंसेवक धडधाकट राहिले आणि डांस चावलेले आजारी पडले. फिन्ले यांच्या हिशोबांतून कोणता आंकडा निसटला होता तेंहि आतां कळलें. डांसानें रोग्यास पहिल्या तीन दिवसांतच चावलें पाहिजे व त्यानंतर विष त्याच्या सोंडेपर्यंत पोंचण्यास सुमारें बारा दिवस लागतात. फिन्ले आपले डांस अवघ्या थोड्या दिवसांनींच दुसऱ्यास चावूं देत. डॉक्टर गॉर्गस यांनीं १९०१ मध्यें हवानांतील पाण्याचे सांठे झांकविले, डबक्यांवर तेल ओतविलें, रोग्यांच्या खोल्यांस जाळ्या बसविल्या. त्याच वर्षीं तेथील पीतज्वर हटला. पुढें पनामाच्या कालव्यावरहि हाच उपाय लागू पडला.

या दिवसांच्या गणितावरच प्रवाशाचें व गांवाचें भवितव्य अवलंबून असतें. डांस चावल्यापासून ताप येईपर्यंत माणसाचे तीन ते सहा दिवस जातात. पूर्वीं महासागर ओलांडण्यास आठवडे लागत. रोगी वाटेंतच उघडा पडे, आणि रोग पुढें चालू राही तो बहुधा गलबतावरील पाण्याच्या पिंपांत डांस वाढत असल्यामुळें. आतां विमानानें आफ्रिकेंतून मुंबईस एका दिवसाच्या आंत येतां येतें; म्हणजे निरोगी दिसणारा प्रवासी घरीं पोंचून दोन दिवस हिंडूंहि शकतो. भारतांत पीतज्वर आजवर आलेला नाहीं, पण त्याचा डांस येथें उदंड आहे. डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका यांचे विषाणू तोच पसरवितो. सन १९४७ मध्यें युगांडाच्या जंगलांतील माकडांत सांपडलेला झिका महाराष्ट्रांत प्रथम आढळला तो २०२१ च्या जुलैंत, आमच्याच जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांत, बेलसर या गांवीं. सन २०२४ च्या पावसाळ्यांत पुणें शहरांतहि त्याचे अनेक रोगी निघाले. पोटांतील बालकास त्यापासून इजा होण्याचा संभव असल्यामुळें गर्भवती स्त्रियांनीं फार जपावें लागतें. या सर्व विषाणूंचा तपास करणारी पुण्याची संस्था १९५२ मध्यें स्थापन झाली, ती पीतज्वरावर दीर्घकाळ काम केलेल्या रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्यानेंच. एडीसचीं अंडीं कोरड्या कुंडीच्या कडेसहि महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आमच्या पालकांनीं टांकी व रांजण नुसते रिते न करतां आंतून घासून काढावे.

फिन्ले १९०२ पासून १९०९ पर्यंत क्यूबाचे मुख्य आरोग्याधिकारी होते. आपल्या अनुमानाची सत्यता त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली, एवढें भाग्य त्यांस लाभलें. ता. २० ऑगस्ट १९१५ रोजीं हवाना येथें त्यांचा अंत झाला. ज्या विषाणूच्या मागें त्यांनीं जन्म घालविला, तो शास्त्रज्ञांस १९२७ पर्यंत वेगळा काढतां आला नाहीं. नोबेल पारितोषिकासाठीं फिन्ले यांचें नांव अनेकदां सुचविण्यांत आलें होतें. तें त्यांस मिळालें नाहीं. पीतज्वरावरील कार्याबद्दल तें १९५१ सालीं लस सिद्ध करणाऱ्या मॅक्स थायलर यांस देण्यांत आलें.