पालीसाठी समुद्र ओलांडणारा विद्यार्थी

आमच्या घराघरांत त्रिसरण-पंचशील पालीतून म्हटले जाते. इथे कारध्यात, वैनगंगेच्या काठी, तिसरी-चौथीतली पोरेही ते तोंडपाठ म्हणतात. अर्थ विचारला की मात्र थोरामोठ्यांच्याही माना खाली जातात. हा दोष त्यांचा नाही. बुद्धाची भाषा शिकवण्याची सोयच आमच्या वस्तीपर्यंत कधी आली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तर पाली शिकवणारा आचार्य आपल्या मुलखात शोधून सापडत नव्हता. तो शोधायला एक माणूस घरदार सोडून सिंहलद्वीपाला गेला. ते म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी, सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण मराठी शाळेपुरते, इंग्रजीचा गंध नाही, आणि काम घरच्या नारळीच्या बागायतीचे. 'बालबोध' मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि मन तिथेच गुंतले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिली. या विद्येची किंमत त्या माउलीनेही मोजली, हे चरित्रकारांनी विसरू नये.

पुण्यात आणि पुढे काशीत ते संस्कृत शिकले. काशीत अन्नछत्रातल्या जेवणावर दिवस काढले. हालअपेष्टा खऱ्या होत्या, त्या आम्ही नाकारत नाही. पण अन्नछत्राचे ते दार ब्राह्मण विद्यार्थ्याला उघडे होते. त्याच काळात आमच्या पूर्वजांना पाठशाळेच्या उंबऱ्यालाही शिवता येत नव्हते. उपाशीपोटी शिकण्यासाठीसुद्धा जात आडवी येत होती!

नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता असा प्रवास करत १९०२ साली कोसंबी कोलंबोला पोहोचले. विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांनी त्यांना श्रामणेर दीक्षा दिली आणि पालीचा अभ्यास सुरू झाला. श्रामणेराचे दहा शील म्हणजे दुपारनंतर जेवण नाही, पैशाला हात लावायचा नाही. पाली ग्रंथ सिंहली लिपीत, म्हणून आधी लिपी गिरवायची. भोवतालची बोली सिंहली, तीही परकी. शाकाहारी माणसाला तिथले जेवण मानवेना आणि प्रकृती ढासळली. आज परदेशी वसतिगृहात राहणारे आपले विद्यार्थी जेवण, भाषा आणि एकटेपणाचे जे गाऱ्हाणे फोनवर सांगतात, तेच हे. त्यांच्या हाती फोन नव्हता, एवढाच फरक. पुढे मद्रासमार्गे ते ब्रह्मदेशात गेले. तिथे ब्रह्मी लोकांची लिपी आत्मसात केली.

या कष्टाचे मोल नंतर कळले. १९०६ साली ते कलकत्त्याला परतले आणि तिथे पाली शिकवू लागले. मग महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून कलकत्ता विद्यापीठाची २५० रुपयांची नोकरी सोडून, सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये त्यांनी पत्करले. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, हे वाचकांना सांगायला नको. १९१० साली कोसंबींना हार्वर्डहून बोलावणे आले. 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनासाठी सिंहली आणि ब्रह्मी लिपीतल्या पोथ्या ताडून पाहणारा माणूस हवा होता. कोलंबोत गिरवलेली अक्षरे अमेरिकेत कामी आली. तिथे श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ साली ते परतले. ती आवृत्ती अखेर १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघाली. देवनागरीत मात्र त्यांनी 'विसुद्धिमग्ग' १९४० सालीच आणला.

फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे विद्यार्थी घडवले. १९३७ साली परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार सुरू केला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. गांधीजींशी असलेली त्यांची जवळीक आम्हाला मान्य होण्यासारखी नाही. पण मराठी माणसाच्या हाती बुद्ध मराठीत दिला, हे त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा पाहायला ते हयात नव्हते.

आता आजचे बघा. २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतून पाली वगळली गेली. २०२२ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत अट आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास या विषयांच्या अभ्यासाला पैसे मिळणार नाहीत. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच केंद्राने पालीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. भाषेला मानाचे पान आणि ती शिकू पाहणाऱ्या पोराला दार बंद, हा कुठला न्याय? संविधानाच्या कलम ४६ नुसार दुर्बल घटकांचे शैक्षणिक हित जपणे हे राज्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. शिष्यवृत्तीतली ती अट रद्द व्हावी, यासाठी विद्यार्थी संघटनांनी निवेदने द्यावीत, गरज पडल्यास न्यायालयातही जावे. आणि सरकारची वाट न पाहता प्रत्येक विहाराने आठवड्यातून एक दिवस पालीचा वर्ग भरवावा. लिपी आता आपलीच आहे, ग्रंथ देवनागरीत आहेत. कोसंबींना समुद्र ओलांडावा लागला. आम्हाला फक्त विहारापर्यंत चालायचे आहे.