बॅ. नाथ पै : संसदीय वाणी आणि युरोपचा अनुभव

मराठी वक्तृत्वाचा विचार करताना आपले अभ्यासक बहुधा व्यासपीठावरील भाषणांपाशी थांबतात. विधिमंडळात व संसदेत मराठी माणसांनी जे वक्तृत्व केले, ते पुष्कळदा इंग्रजीत असल्यामुळे वाङ्मयाच्या कक्षेबाहेर ठेवले जाते. बॅ. नाथ पै यांच्या बाबतीत या विभागणीमुळे विशेष हानी झाली आहे. कोकणातील व बेळगावातील सभांमधून गाजलेले नाथ पै आणि लोकसभेत परराष्ट्रधोरणावर बोलणारे नाथ पै ही जणू दोन स्वतंत्र व्यक्तिमत्त्वे आहेत, असा समज त्यातून रूढ झाला. वस्तुतः देशातील प्रश्न असो वा युरोपातील, त्यांचा निकष एकच होता : सत्तेला जनतेची संमती आहे किंवा नाही. या निकषाची सर्वांत कठीण कसोटी १९६७ च्या घटनादुरुस्ती विधेयकात लागली. त्या दृष्टीने त्यांच्या चरित्राचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. शिक्षणाच्या निमित्ताने त्यांचा बेळगावशी जो संबंध जडला, तो अखेरपर्यंत टिकला. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी कारावास भोगला. स्वातंत्र्यानंतर ते बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेला युरोप त्या वेळी नव्याने उभा राहत होता. त्या पुनर्रचनेत लोकशाही समाजवादी पक्षांचा वाटा मोठा होता आणि नाथ पै या चळवळीशी समरस झाले. १९५४ ते १९६० या काळात त्यांनी आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. संघटनेचे मध्यवर्ती कार्यालय व्हिएन्नात होते. त्यांच्या पत्नी क्रिस्टल याही मूळच्या ऑस्ट्रियाच्या. युरोपचे राजकारण त्यांनी केवळ ग्रंथांतून जाणले नव्हते, तर तेथील कार्यकर्त्यांच्या सहवासातून ते त्यांच्या परिचयाचे झाले होते.

१९५७ च्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाच्या वतीने ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने त्या वेळी सारा प्रदेश ढवळून निघाला होता. पुढे १९६२ व १९६७ मध्येही याच मतदारसंघाने त्यांना निवडून दिले. हा मतदारसंघ तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातला, मनिऑर्डरीवर संसार चालविणाऱ्या घरांचा. कोकण रेल्वे, बंदरे आणि दळणवळण या प्रश्नांचा त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुलै १९६० मधील देशव्यापी संपाच्या नेत्यांपैकी ते एक होते. सरकारने वटहुकूम काढून हा संप बेकायदा ठरविला आणि पाच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. लोकनियुक्त सरकारही आपल्याच नोकरवर्गाशी संवाद टाळून हुकमाची भाषा बोलू शकते, हा अनुभव त्यांच्या संसदीय विचाराला नवी धार देणारा ठरला असावा.

युरोपीय प्रश्न या मतदारसंघाला दूरचे नव्हते. तेरेखोलच्या खाडीपलीकडे १९६१ च्या अखेरीपर्यंत पोर्तुगालचे राज्य होते. सालाझारच्या राजवटीने १९५१ मध्ये आपल्या वसाहतींना सागरपार प्रांत असे नाव देऊन गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचा देखावा उभा केला होता. पोर्तुगाल हा उत्तर अटलांटिक कराराचा संस्थापक सदस्य असल्याने या देखाव्याला पाश्चात्त्य राष्ट्रांचे अभय लाभत होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊनही दिल्लीचे धोरण सावधच राहिले. गोवामुक्तीचा आग्रह धरताना नाथ पै यांना युरोपातील आपल्या संबंधांचा उपयोग झाला. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या राष्ट्रांनी हुकूमशहाची पाठराखण करावी, ही विसंगती ते त्या राष्ट्रांच्याच राजकीय परंपरेच्या आधारे दाखवून देऊ शकत होते.

हाच निकष त्यांच्या पक्षाने पूर्व युरोपलाही लावला. १९५६ मध्ये हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसले, तेव्हा सुमारे दोन लाख लोकांनी देश सोडला आणि त्यांतील बहुसंख्य ऑस्ट्रियात आले. संयुक्त राष्ट्रसंघात भारताने घेतलेल्या भूमिकेवर भारतीय समाजवाद्यांनी कठोर टीका केली. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियावर आक्रमण झाले, त्या वेळीही सुरक्षा परिषदेतील निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. स्पष्ट निषेधाची विरोधी बाकांवरून झालेली मागणी शासनाने मान्य केली नाही. गोव्यात वसाहतवाद निंद्य असेल, तर प्रागमधील रणगाडेही निंद्य होत, असे मानणाऱ्या परंपरेचे नाथ पै हे संसदेतील समर्थ प्रवक्ते होते. पंडित नेहरूंसारखे प्रतिपक्षीही त्यांची भाषणे आस्थेने ऐकत, याचे कारण त्यांच्या भाषासौष्ठवाइतकेच या सुसंगतीतही शोधावे लागेल.

या सुसंगतीची परीक्षा घरच्या प्रश्नावर झाली. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांत समाविष्ट होता. त्यामुळे जमीनसुधारणांचे भवितव्य अनिश्चित झाले. नाथ पै यांनी एप्रिल १९६७ मध्ये खासगी सदस्य या नात्याने एक विधेयक मांडले. घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार पुनःप्रस्थापित करणे, हा त्याचा आशय. न्यायालयाविषयी अनादर हा त्यामागील हेतू नव्हता. जनतेने निवडलेल्या सभागृहाला एखाद्या पिढीची घटना कायमची अपरिवर्तनीय मानावयास लावणे हे लोकसत्तेशी विसंगत होय, अशी त्यांची धारणा होती. ब्रिटिश संसदीय परंपरेत झालेल्या त्यांच्या घडणीशी ती जुळणारी होती.

तथापि युरोपचा दुसरा अनुभव याच्या नेमका विरुद्ध साक्ष देत होता. २३ मार्च १९३३ रोजी जर्मन संसदेने दोनतृतीयांशाहून अधिक मतांनी स्वतःचे अधिकार हिटलरच्या स्वाधीन केले. विरोधात मते दिली ती केवळ सोशल डेमोक्रॅटांनी. या इतिहासातून धडा घेऊन १९४९ च्या पश्चिम जर्मन राज्यघटनेने काही मूलतत्त्वे दुरुस्तीच्या पलीकडे ठेवली. हायडलबर्ग विद्यापीठातील विधिज्ञ डिट्रिख कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील व्याख्यानात दुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात, असे प्रतिपादन केले. गोलकनाथ खटल्यात एम. के. नंबियार यांनी या विचाराचा आधार घेतला. ज्या युरोपशी नाथ पै यांचे नाते होते, तोच युरोप या वादात त्यांच्या प्रतिपक्षाच्याही बाजूने उभा होता. बहुमताच्या हाती हक्क सुरक्षित राहतील काय, अशी शंका विरोधी पक्षांतील अनेकांनी उपस्थित केली. स्वतः हयातभर विरोधी बाकांवर बसलेल्या सदस्याने सत्ताधारी बहुमताचे सामर्थ्य वाढविणारे विधेयक आणावे, याचे त्यांना नवल वाटले. विधेयकामागे पक्षहिताची गणना असल्याचा आरोप मात्र या कारणानेच टिकण्यासारखा नव्हता.

विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर दीर्घ चर्चा झाली. परंतु ते मंजूर होण्यापूर्वीच २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित होऊन ते रद्दबातल ठरले. हृदयविकाराने त्रस्त असतानाही नाथ पै १७ जानेवारी १९७१ रोजी सीमालढ्याच्या हुतात्मा दिनी बेळगावात बोलले आणि दुसऱ्याच दिवशी तेथेच त्यांचे निधन झाले. संमतीवाचून सीमाभाग दुसऱ्या राज्यात ठेवला जाऊ नये, हा त्यांच्या अखेरच्या भाषणामागील विषयही त्याच निकषातून आलेला होता.

त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांच्या विधेयकाचा गाभा स्वीकारला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, ही मर्यादाही घातली. त्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या आणीबाणीने बहुमताविषयीची शंका निराधार नव्हती, हे दाखवून दिले. आणि १९७७ च्या निवडणुकीने जनतेवरील विश्वासही अस्थानी नव्हता, हेही सिद्ध केले. नाथ पै यांचे म्हणणे अर्धे ग्राह्य ठरले आणि अर्धे मर्यादित झाले, असाच निष्कर्ष काढावा लागतो. त्यांचे मोठेपण अचूक भाकितात नाही. हुकूमशाहीचा इतिहास ठाऊक असतानाही त्यांनी लोकांवर विश्वास टाकण्याची जोखीम उघडपणे पत्करली आणि ती सभागृहात युक्तिवादाने मांडली, यात आहे. मराठी वक्तृत्वाच्या अभ्यासकाने त्यांची मराठी भाषणे आणि लोकसभेची इतिवृत्ते एकत्र वाचली, तर या दोन्हींत एकाच मनाचे व्यापार चाललेले आढळतील.