सागाच्या पानातलं कोडं आणि मोबाइलचा पडदा: थिओडोर फॉर्स्टर

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात सागाच्या पानावर ऊन पडलं, की हरितद्रव्याचे शेकडो रेणू ती ऊर्जा एकमेकांकडे सोपवत एका जागी पोहोचवतात. कशी? हेच कोडं थिओडोर फॉर्स्टर यांनी हाती घेतलं. जन्म १९१०, फ्रँकफर्ट. १९३३ मध्ये पीएचडी आणि त्याच वर्षी नाझी पक्षात प्रवेश. हा डाग पुसता येत नाही. युद्धानंतर, १९४६ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं: देणाऱ्या रेणूचा प्रकाश घेणारा शोषू शकत असेल, तर प्रकाश बाहेर न पडताच ऊर्जा पलीकडे जाते. अंतर दुप्पट झालं, की हा वेग ६४ पटींनी घटतो.

ओएलईडीतही हेच चालतं. यजमान पदार्थ विजेची ऊर्जा झेलतो, त्यात मिसळलेला पदार्थ उजळतो. जोडी जुळली नाही, तर यजमानाचाच रंग डोकावतो. पॉलिमरचे दिवे केंब्रिजमध्ये १९९० साली गाजले. फॉर्स्टर १९७४ मध्येच गेले होते.