पंढरी सोडायला तयार नव्हते, तेच नामदेव महाराज पंजाबात पोहोचले

पेरणीचे दिवस आले की आपल्या भागात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक आभाळाकडं बघणारी आणि दुसरी खांद्यावर पताका घेऊन पंढरीच्या वाटेला लागलेली. मागच्या साली माझा शाळेतला सोबती दिंडीत जाता जाता थेट माझ्या बांधावर आला. चल म्हणून लई गळ घातली. दुबार पेरणीचं संकट डोक्यावर, मी काही गेलो नाही. त्याला चहा पाजला आन् वाटेला लावलं. तेव्हापासून मला ज्ञानेश्वर माऊली आणि नामदेव महाराजांच्या तीर्थयात्रेची कथा सारखी आठवते. तिची सुरुवातही अशीच आहे. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस आधी सोबत्याच्या दारात येतो.

नामदेव महाराज म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसीचं घराणं. बाप दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. जन्म १२७० सालचा, कार्तिक शुद्ध एकादशीचा. लहानपणापासून विठ्ठलाचं असं वेड की देवाला नैवेद्य दाखवायला पाठवलं, तर देव खात नाही म्हणून पोरगं रडत बसलं, ही गोष्ट आपल्याकडं लहान लेकरालाही ठाऊक आहे. पुढं राजाईशी लग्न झालं. नारा, विठा, गोंदा, महादा ही मुलं आणि लिंबाई ही मुलगी. गंगाखेडची जनाबाईही याच घरात वाढली. म्हणजे खाणारी तोंडं बरीच. आणि घरधनी मात्र कापड-सुई सोडून राउळात उभा. गोणाईनं आणि राजाईनं यावरून त्यांना किती बोल लावले, ते त्या काळच्या अभंगांतच आलेलं आहे. संताच्या घरातलं भांडण असं उघड लिहून ठेवलेलं मला तरी दुसरीकडं फारसं दिसलं नाही.

तर अशा माणसाकडं माऊली आले. माऊली वयानं पाच वर्षांनी लहान, पण १२९० साली ज्ञानेश्वरी सांगून झालेली. त्यांना तीर्थयात्रेला निघायचं होतं. एकटं जाता आलं असतं. पण ते पंढरपूरला आले आणि नामदेवांना बरोबर चला म्हणाले. नामदेवांची तयारी नव्हती. सगळी तीर्थं इथंच विठ्ठलाच्या पायाशी आहेत, मग पायपीट कशाला, असं त्यांचं म्हणणं. देवाला सोडून चार दिवस राहणंही त्यांना जमणारं नव्हतं. सगळा निवाडा विठ्ठलावर सोपवला. तीर्थावळीच्या अभंगांतली कथा अशी की, देवानंच नामदेवांना माऊलींच्या हवाली केलं, याला सांभाळा म्हणून सांगितलं, आणि मागं राउळात देवालाच करमेना झालं.

मला यातलं एक फार आवडतं. माऊलींनी सोबत्याला ज्ञान शिकवायला नेलं, असं कथेत नाही. वाटेत उलट माऊलीच नामदेवांना विचारतात की भजन कसं करावं, भक्ती कशी असावी. नामदेव सांगतात आणि मध्येच पंढरीच्या आठवणीनं हुंदका देतात. प्रयाग, काशी, द्वारका, सगळीकडं पाय चालले, पण मन भीमेच्या वाळवंटातच.

मारवाडातली विहिरीची गोष्ट तर उन्हाळ्यात रिकाम्या विहिरीचा तळ पाहिलेल्या माणसालाच पुरती कळेल. दोघंही तहानेनं व्याकुळ. विहीर खोल, पाणी खाली, ना दोर ना घागर. माऊलींनी योगाच्या बळावर सूक्ष्म रूप घेतलं, खाली उतरून पाणी प्यायले आणि नामदेवांसाठीही आणतो म्हणाले. नामदेव तयार होईनात. त्यांनी विठ्ठलाचा धावा केला आणि पाणी काठावरून वाहू लागलं. राजस्थानात कोलायतला ही विहीर दाखवतात.

परत आल्यावर पंढरीत मावंद्याचं जेवण झालं. संतमंडळीत नामदेवांचा मान आता मोठा होता. पण तेरला गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन सगळ्यांची डोकी तपासली, तेव्हा कच्चं मडकं निघालं ते नामदेवांचंच. ही कथा कोणी यात्रेआधी सांगतं, कोणी नंतर. नामदेव चिडले, रुसले, विठ्ठलाकडं गाऱ्हाणं घेऊन गेले. देवानंही गुरू कर म्हणूनच सांगितलं. मग औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले. म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. पाय जिकडं उचलून ठेवावेत तिकडं पिंड. देव नाही अशी जागाच नाही, हे त्या दिवशी उमगलं. पंढरी सोडवत नव्हती त्या माणसाची गाठ इथं सुटली, असं मला वाटतं.

१२९६ साली माऊलींनी आळंदीला समाधी घेतली. वय अवघं २१. नामदेव तिथं हजर होते. त्या प्रसंगाचे त्यांचे अभंग कीर्तनात लागले की अजूनही बाया-बापे पदरानं, उपरण्यानं डोळे पुसतात. पाठोपाठ सोपानदेव, मुक्ताई, निवृत्तीनाथही गेले. नामदेव तेव्हा २६ वर्षांचे. पुढं ५४ वर्षं ते सोबत्याविना जगले.

पण घरात बसले नाहीत. मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा त्याखाली गेले, ते साल १३३८. नामदेव वयानं सत्तरीला टेकलेले. तरी स्वतः गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी शोधल्या. ज्या हाडातून विठ्ठल नाम ऐकू येईल ते चोख्याचं, अशी खूण सांगतात. त्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्याला जिवंतपणी देवळात जाऊ दिलं नाही, त्याला निदान दारासमोर जागा मिळवून दिली.

आणि उत्तरेची वाट तर त्यांनी पुन्हा धरलीच, या वेळी माऊलींविना. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांनी मुक्काम केला. तिथल्या लोकांच्या बोलीत पदं रचली. त्यातली ६१ पदं आज गुरू ग्रंथ साहिबात आहेत. शीख बांधव त्यांना भगत नामदेव म्हणतात. २०१५ साली ८८वं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा इकडून कितीतरी लोक रेल्वेनं तिकडं गेले.

१३५० साली आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेव महाराजांनी देह ठेवला. घुमानकर तो आपल्याकडंच ठेवला मानतात. आपण वारकरी पंढरपूरच्या महाद्वाराची पायरी दाखवतो. देवाच्या दर्शनाला येणाऱ्या संतांचे पाय आपल्यावर पडावेत, एवढंच त्यांनी मागितलं होतं, म्हणून त्या पायरीवर आपण पाय देत नाही, आधी माथा टेकतो.

नरसीला आता मंदिर आहे आणि गुरुद्वाराही. पंजाबातून आलेली माणसं कयाधूकाठी दिसतात. भाषा कळत नाही, पण नामदेव एवढा शब्द दोन्हीकडं सारखाच.

माझ्या सोबत्याचा परवा फोन आला होता. यंदाही याच वाटेनं येणार आहे म्हणाला. सोयाबीन अजून पेरायचंय.